पुड्यात काय आहे ते पुड्यावर लिहा

कापडवाल्याने खाद्यपदार्थांच्या पुड्यांविषयी का लिहावे, असा प्रश्न काही व्यापारी बंधू विचारतील. उत्तर साधे आहे. माल कोणताही असो, गिऱ्हाइकाला आतले दिसत नाही तेव्हा ते बाहेरच्या शब्दावर विसंबते. कापडावर किती टक्के कॉटन आणि किती टक्के पॉलिएस्टर हे छापण्याचा नियम १९८८ पासून आहे. तरीही संशय आला तर गिऱ्हाईक एक धागा उपसून त्याला काडी लावते. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची राख होते. पॉलिएस्टर वितळते आणि त्याचा कडक मणी होतो. कॉटन म्हणून टेरिकॉट गळ्यात मारले तर फार तर उन्हाळ्यात घाम येईल, गिऱ्हाईक चार शब्द सुनावेल आणि पुढच्या खेपेला शेजारच्या दुकानात जाईल.

चिवड्याच्या पुड्याला मात्र काडी लावून पाहता येत नाही. आत शेंगदाणा आहे की नाही, मसाल्यात तीळ कुटले आहेत की नाही, हिंगात मैदा आहे की नाही हे सांगणारा एकच साक्षीदार असतो, तो म्हणजे पुड्यावरची छपाई. तो साक्षीदार गप्प राहिला तर काही जणांच्या बाबतीत प्रकरण घामावर भागत नाही. ते थेट दवाखान्यात जाते, आणि क्वचित दवाखान्यातही पोहोचत नाही.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात अन्न सुरक्षा व मानके कायदा २००६ चा. त्याखाली अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२० साली लेबलचे नवे नियम काढले आणि ते २०२२ पर्यंत टप्प्याटप्प्याने लागू झाले. या नियमांत ॲलर्जी करणाऱ्या जिनसांची यादी दिलेली आहे. गहू, जव, ओट यांसारखी ग्लुटेन असलेली धान्ये, कोळंबी-खेकडा वर्गातील कवचधारी जीव, दूध व दुधाचे पदार्थ, अंडी, मासळी, शेंगदाणा आणि काजू, बदाम, पिस्ता, अक्रोड यांसारखा सुका मेवा, सोयाबीन, आणि किलोमागे १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. यांपैकी काहीही मालात असेल तर घटकांच्या यादीखेरीज वेगळ्या ओळीत 'यात अमुक आहे' असे नाव घेऊन लिहिले पाहिजे. मालात टाकलेले नाही, पण त्याच यंत्रातून किंवा त्याच भांड्यातून मिसळण्याची शक्यता आहे, तर 'यात अमुक असू शकते' असे लिहिता येते.

हे न लिहिता विकलेला माल चुकीच्या लेबलाचा माल ठरतो. त्यासाठी कलम ५२ खाली ३ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. खाणाऱ्याचा जीव गेला तर कलम ६५ प्रमाणे किमान ५ लाख रुपये भरपाई द्यावी लागू शकते. ही कलमे केवळ मोठ्या कंपन्यांसाठी नाहीत. घरी मसाला करून पुड्या बांधणारा बचत गट, बेकरीवाला, गुळाचे अर्ध्या किलोचे बॉक्स भरणारा दुकानदार, सगळे त्यात येतात. खेदाची बाब अशी की आपल्या बाजारपेठेत ज्यांना हा नियम सर्वांत जास्त लागू पडतो, त्यांनाच तो सर्वांत कमी माहीत आहे.

'हे गोऱ्यांचे चोचले' म्हणणाऱ्यांस

पुष्कळ जण म्हणतात, शेंगदाण्याने माणसे मरतात हे अमेरिकेत. आपण लहानपणापासून दाण्याचा कूट खातो, आपल्याला काय होते? परदेशात हे प्रमाण जास्त आढळते हे खरे आहे. परंतु कमी आहे म्हणजे नाही, असा हिशेब व्यापारात चालत नाही. आपल्या भाषेतच याची साक्ष आहे. 'याला कोळंबीचे वावडे आहे', 'अंडे खाल्ले की तिच्या अंगावर गांधी उठतात', 'त्याला दूध सोसत नाही' ही वाक्ये घरोघरी ऐकू येतात. आजीने नाव दिले वावडे, डॉक्टरने नाव दिले ॲलर्जी.

येथे एक फरक समजून घेतला पाहिजे. दूध पचत नाही म्हणून पोट बिघडणे ही एक गोष्ट. गव्हाने आतड्याला इजा होणे, ज्याला सीलिॲक म्हणतात, ही दुसरी. त्यात रोगी लगेच कोसळत नाही, पण नकळत पोटात जाणारा मैदा त्याला वर्षानुवर्षे पोखरतो. आणि खरी ॲलर्जी ही तिसरी. तिच्यात शरीर त्या जिनसाला शत्रू समजते. ओठ सुजतात, घसा आवळतो, रक्तदाब खाली जातो, आणि हे सर्व काही मिनिटांत होऊ शकते. अशा वेळी ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच मुख्य उपाय असतो, घरातली ॲलर्जीची गोळी पुरी पडत नाही. म्हणून अशा माणसाचे खरे औषध दवाखान्यात नसून दुकानात आहे. ते म्हणजे विकत घेण्याआधी मिळालेली खरी माहिती.

आमच्या नात्यात एक मुलगा आहे, वय आठ वर्षे. त्याला शेंगदाणा चालत नाही. कोल्हापुरात राहून शेंगदाणा टाळणे म्हणजे काय, हे त्याच्या आईला विचारावे. भाजीत कूट, भाकरीबरोबर चटणी, नाश्त्याला भडंग, शाळेच्या डब्यात चिक्की. गेल्या वर्षी त्याने एका लहान उत्पादकाच्या पुड्यातली शेव खाल्ली. घटकांमध्ये लिहिले होते 'बेसन, तेल, मीठ, मसाले व इतर'. त्या 'व इतर' मध्ये काय होते ते शेवटपर्यंत कळले नाही. मुलाचा चेहरा सुजला, रिक्षातून नेताना त्याचा श्वास घरघरू लागला. दवाखाना जवळ होता, अल्लाहच्या कृपेने मुलगा वाचला. त्या उत्पादकाशी आमचे भांडण नाही. त्याला तो नियमच ठाऊक नव्हता. पण नियम ठाऊक नसल्याची किंमत त्याने मोजली नाही, त्या मुलाने मोजली, ही गोष्ट आम्हाला बोचते.

आपल्या मालात काय दडलेले असते

आता आपल्या जिल्ह्याच्या मालाकडे पाहू. गुळापासून सुरुवात करू, कारण कोल्हापूरची ओळख गुळाने आहे. शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी पेठ वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी, आणि कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. रसातली मळी काढण्यासाठी पूर्वीपासून गुऱ्हाळात रानभेंडीचा चिकट रस वापरतात. पुढे गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून 'हायड्रॉस' टाकण्याची सवय लागली, कारण सौद्यात उजळ गुळाला भाव मिळतो. हायड्रॉस म्हणजे गंधकाचा क्षार. त्याचा अंश सल्फाइटच्या रूपाने गुळात राहतो. कायद्याने गुळात सल्फर डायऑक्साइडची कमाल मर्यादा ७० ठेवली आहे, दहा लाखांत ७० भाग. पण ॲलर्जीची घोषणा १० पासून सुरू होते. म्हणजे १० ते ७० च्या मधला गूळ विकायला कायदेशीर आहे, परंतु पॅकबंद असेल तर 'यात सल्फाइट आहे' असे लिहिणे बंधनकारक आहे. दम्याच्या काही रोग्यांना सल्फाइटने धाप लागते. आमच्या पाहण्यातल्या गुळाच्या खोक्यांवर ऊस, बैल आणि देवादिकांची चित्रे असतात, ही एक ओळ मात्र फारशी दिसत नाही. गंधकाची धुरी देऊन पिवळा केलेला बेदाणा आपल्या शेजारच्या सांगली-तासगावातून येतो. त्यालाही हीच गोष्ट लागू आहे.

दुसरा जिन्नस हिंग. बाजारात मिळते ते बहुतेक बांधणी हिंग असते, म्हणजे थोडे अस्सल हिंग, डिंक आणि गव्हाचे किंवा तांदळाचे पीठ. तेच हिंग पापडात, लोणच्यात, चिवड्यात जाते. पापडवाला आपल्या पुड्यावर प्रामाणिकपणे 'उडीद डाळ, मीठ, मिरी, हिंग' असे लिहितो आणि गहू वर्ज्य असलेला रोगी तो पापड निर्धास्त खातो. पापडवाल्याने खोटे लिहिले नाही, तरी पूर्ण खरेही लिहिले नाही. कच्चा माल घेताना त्याने हिंगाच्या डबीची मागची बाजू वाचली असती तर ही त्रुटी तिथेच भरून निघाली असती.

तिसरा जिन्नस आपला कांदा-लसूण मसाला. मिरची, कांदा, लसूण, धणे यांच्याबरोबर सुके खोबरे, तीळ, खसखस भाजून घालतात. पांढऱ्या रश्श्याच्या तयार मसाल्यात काजूही असतो. शिवाय कांडप डंकावर होते. एकाच डंकावर सकाळी एकाची तिळाची चटणी, दुपारी दुसऱ्याची दाण्याची चटणी आणि संध्याकाळी तिसऱ्याचा मसाला. मधल्या वेळी झाडूचा एक हात फिरवला की काम झाले, अशी रीत आहे.

बेकरीच्या मालातही हेच. नानकटाईत दूध पावडर, खारीत मार्गारीन आणि त्यात सोयाबीनचे लेसिथिन, केकमध्ये अंडे, आणि एकाच भट्टीत एकाच पत्र्यावर सगळे. तेलाचेही तसेच. रिफाइंड शेंगतेलात शेंगदाण्याचे प्रथिन जवळजवळ उरत नाही, लाकडी घाण्याच्या तेलात ते राहू शकते. हल्ली घाण्याच्या तेलाची आवड वाढली आहे, ही चांगली गोष्ट. फक्त ते वापरले तर पुड्यावर 'खाद्यतेल' एवढेच न लिहिता 'शेंगदाणा तेल' लिहावे.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. हिरवा ठिपका पाहून गिऱ्हाईक निश्चिंत होते. हिरवा ठिपका माल शाकाहारी असल्याचे सांगतो, बाधणार नाही असे सांगत नाही. दूध, काजू, शेंगदाणा, गहू, सोयाबीन सर्व हिरव्या ठिपक्याखालीच येतात.

स्वस्ताचा बदल

व्यापाऱ्याने लक्षात ठेवावे असे एक प्रकरण ब्रिटनमध्ये घडले. यॉर्कशायर भागात भारतीय पद्धतीचे जेवण देणाऱ्या एका हॉटेलमधून जानेवारी २०१४ मध्ये एका गिऱ्हाइकाने चिकन टिक्का मसाला घरी नेला. आपल्याला नट चालत नाहीत हे त्याने सांगितले होते. झाकणावर तसे लिहूनही दिले होते. त्या रात्री तो घरी मेला. तपासात निघाले ते असे की मालकाने पैसे वाचवण्यासाठी बदामाच्या भुकटीऐवजी शेंगदाणा असलेली स्वस्त भुकटी वापरायला सुरुवात केली होती. २०१६ मध्ये न्यायालयाने त्या मालकाला मनुष्यवधासाठी सहा वर्षांची कैद दिली.

हा प्रकार आपल्याला परका नाही. काजूचा भाव चढला की काजूच्या वस्तूत मगज किंवा शेंगदाणा शिरतो, बदामाच्या जागी दुसरेच काही येते. आजवर आपण याला फक्त भेसळ म्हणत आलो, म्हणजे पैशाची फसवणूक. एखाद्या गिऱ्हाइकाच्या बाबतीत ती जिवाची फसवणूक होते. २०१४-१५ मध्ये अमेरिकेत जिऱ्याच्या पुडीत न लिहिलेला शेंगदाणा सापडल्यामुळे कितीतरी माल बाजारातून परत घ्यावा लागला. पुडी करणाऱ्या एकाने केले आणि ती पुडी वापरणाऱ्या सर्वांना भोगावे लागले. आपला मसाला आज आखाती देशांत, युरोपात जातो. तिथे एक खेप अडकली तर एकाचे नाही, कोल्हापूर या नावाचे नुकसान होते.

'असू शकते' ही ढाल नव्हे

नियम आला की पळवाटही येते. ॲलर्जीच्या बाबतीत पळवाट म्हणजे सरसकट 'असू शकते' छापून मोकळे होणे. गहू, दूध, अंडे, दाणे, सोया, सगळे 'असू शकते'. असे लिहिणाऱ्याला वाटते आपण सुटलो. पण ज्या आईला आठ वर्षांच्या मुलासाठी काही विकत घ्यायचे आहे तिच्यासाठी सगळी दुकाने बंद झाली. आणि प्रत्येक पुड्यावर तेच दिसू लागले की लोक ते वाचणे सोडतात, मग खरा इशाराही वाया जातो.

अमेरिकेत याहून विचित्र घडले. तिथे तीळ हा नववा जिन्नस म्हणून १ जानेवारी २०२३ पासून सक्तीच्या यादीत आला. यंत्रे धुऊन तिळाचा अंश काढण्यापेक्षा काही पाव उत्पादकांनी मुद्दाम पिठात थोडे तीळ घातले आणि 'यात तीळ आहेत' असे छापले. कायदा पाळला गेला, आणि तिळाचे वावडे असलेल्यांचा पाव मात्र गेला. नियमाचा हेतू बाजूला ठेवून शब्द पाळले की असे होते. आमच्या मते 'असू शकते' त्यानेच लिहावे ज्याने आधी भांडी, डंक, भट्टी वेगळी ठेवण्याचा प्रामाणिक प्रयत्न केला आहे.

सरकारकडे मागणे

व्यापाऱ्यांना उपदेश करताना सरकारलाही दोन शब्द सांगितले पाहिजेत.

पहिले, भाषा. लेबलवरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की नियम पुरा होतो. मराठी हवी तर जास्तीची. आम्ही उर्दू शाळेत शिकलो, मराठी आम्हाला बाजाराने शिकवली, इंग्रजी मात्र आजही अक्षर अक्षर लावून वाचतो. आमच्यासारखे हजारो गिऱ्हाईक या जिल्ह्यात आहेत. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या मालावर निदान ही एक ओळ मराठीत असावी आणि ती डोळ्यांना दिसेल एवढ्या अक्षरात असावी.

दुसरे, यादी. २०२० च्या यादीत तीळ नाहीत आणि मोहरीही नाही. युरोपात १४ जिनसांची यादी आहे, तिच्यात दोन्ही आहेत. जागतिक कोडेक्स यादीतही २०२४ मध्ये तिळाला स्थान मिळाले. ब्रिटनमध्ये २०१६ साली नताशा नावाची पंधरा वर्षांची मुलगी विमानतळावर घेतलेल्या पावाने मेली. पिठात तीळ होते आणि वेष्टनावर ते लिहिलेले नव्हते. तिच्या आईवडिलांनी लढा दिला आणि ऑक्टोबर २०२१ पासून दुकानातच बांधून ठेवलेल्या पदार्थांवरही पूर्ण माहिती लिहिणे सक्तीचे झाले. ज्या देशात संक्रांतीला घरोघर तीळ वाटतात त्या देशाच्या यादीत तीळ नसावेत, हे पटत नाही.

तिसरे, वागणूक. कायद्याच्या कलम ३२ मध्ये आधी सुधारणेची नोटीस देण्याची सोय आहे. अन्न व औषध प्रशासनाने लहान उत्पादकाला पहिल्या भेटीत ती नोटीस व एक नमुना लेबल द्यावे, थेट दंडाची भाषा करू नये. व्यापारी संघटना आणि बचत गटांच्या बैठकांत अधिकाऱ्यांनी येऊन मराठीत समजावून सांगावे. भीतीने छापलेली ओळ आणि समजून छापलेली ओळ यांत फार अंतर असते.

आपण काय करावे

मसाल्याच्या पुड्या करणाऱ्या एका भगिनीशी आम्ही याविषयी बोललो. त्या म्हणाल्या, "चाचा, एवढ्याशा पुडीवर आम्ही काय काय लिहायचं? आणि दाणे आहेत म्हणून लिहिलं तर गिऱ्हाईक घेणार नाही." आम्ही त्यांना म्हटले, ज्याला दाणे चालतात तो ती ओळ वाचून थांबणार नाही, ज्याला चालत नाहीत त्याने थांबावे हेच तुमच्या हिताचे आहे. जागेचे म्हणाल तर मालकाचा फोटो थोडा लहान करावा. त्यांना हसू आले, पण मुद्दा पटला.

काम अवघड नाही. कच्चा माल घेताना त्याचे लेबल वाचा आणि बिल ठेवा. 'मसाले व इतर' हा शब्द कायमचा टाकून द्या. कांडपाला ज्या दिवशी दाणे-तीळ नसतील त्या दिवशी पहिला नंबर लावा, किंवा त्यांचे कांडप सर्वांत शेवटी करा आणि मग डंक नीट धुऊन घ्या. पुरवठादार किंवा जिन्नस बदलला तर आधी लेबल बदला, मग माल भरा. आणि दुकानावर बसणाऱ्या पोराला शिकवा की गिऱ्हाइकाने विचारले तर 'नसेल बहुतेक' असे उत्तर देऊ नये. माहीत असेल ते सांगावे, नसेल तर 'माहीत नाही' म्हणावे.

सुट्या मालावर असे छापील लेबल नसते, आणि मेन्यूत ॲलर्जीची माहिती देण्याची सक्तीही केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखांच्या हॉटेलांवरच आहे. मिसळवाला, मिठाईवाला त्यातून सुटतो. पण बरणीवर एक चिठ्ठी लावायला कोणी मनाई केलेली नाही.

गिऱ्हाईक म्हणूनही आपली जबाबदारी आहे. पुडा उलटून वाचण्याची सवय आपल्या समाजाला नवी नाही. जिलेटिन कशाचे आहे हे पाहण्यासाठी आपल्या घरातील मुली पुडा फिरवून पाहतातच. आपले जैन शेजारी कांदा-लसूण पाहतात. त्याच डोळ्यांनी ही ओळही पाहावी आणि ती नसेल तर दुकानदाराला विचारावे. ईदचा सुका मेवा किंवा दिवाळीचा फराळ दुसऱ्याच्या घरी पाठवताना आत काय आहे याची चिठ्ठी सोबत ठेवावी.

मालातला ऐब सांगून माल विकावा ही तिजारतीची जुनी शिकवण आहे. शेंगदाणा हा काही ऐब नव्हे, चांगली पौष्टिक वस्तू आहे. पण ज्याला ती बाधते त्याच्यापासून ती लपवणे हा मात्र व्यापाऱ्याचा ऐब आहे. कापडाच्या ताग्यावर आपण धाग्याचे टक्के छापतो, तर जी वस्तू माणसाच्या पोटात जाते तिच्यावर एक ओळ छापायला कोणी मागे राहू नये. येत्या हंगामात लेबलचा नवा रोल छापायला देण्यापूर्वी जुने लेबल एकदा समोर घ्यावे आणि 'व इतर' च्या जागी त्या जिनसाची नावे लिहावीत, एवढीच आमची व्यापारी बंधू-भगिनींना विनंती आहे.